नागपूरच्या उन्हात प्लास्टिक किती टिकतं, आणि ते कशावर ठरतं

गच्चीवरचं प्लास्टिक कोणत्या क्रमाने तुटतं हे नागपुरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. सगळ्यात आधी कपड्यांचे चिमटे जातात. एका उन्हाळ्यानंतर बोटाने दाबले की तुकडे हातात. मग कशावर तरी टाकलेलं सिमेंटचं रिकामं पोतं, ज्याचा नुसता भुगा उरतो. मग बादलीचा कान, मग हिरवी जाळी. पीव्हीसीचा पाइप पांढरट पडतो, पण उभा राहतो. काळी टाकी मात्र दहा-पंधरा वर्षं जागची हलत नाही. ऊन या सगळ्यांना सारखंच, आणि यातल्या बहुतेक वस्तूंचा मूळ कच्चा मालही एकमेकांच्या जवळचाच. तरी आयुष्यात इतका फरक पडतो, कारण शंभर किलो मालातले दोन-अडीच किलो काय आहेत आणि ते नीट मिसळलेत का, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. दुकानात आपण भाव विचारतो, जाडी बघतो, रंग बघतो. त्या दोन-अडीच किलोंबद्दल कुणी विचारत नाही.

आधी उन्हाचं बघू. नागपूरचं नोंदलेलं कमाल तापमान ४७.९ अंश सेल्सिअस, २३ मे २०१३ रोजीचं. हे सावलीतल्या हवेचं तापमान. गच्चीवरच्या काळ्या पृष्ठभागाचं तापमान मे महिन्यात दुपारी ७० अंशांच्या वर जातं. त्यात शहर २१ अक्षांशाच्या थोडं वर असल्याने मे अखेरीला सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि अतिनील किरण हवेच्या कमीत कमी थरातून खाली उतरतात.

जमिनीवर पोचणारे अतिनील किरण साधारण २९० नॅनोमीटरपासून पुढचे. ३०० नॅनोमीटरच्या किरणात मोलमागे जवळपास ४०० किलोज्यूल ऊर्जा असते, आणि कार्बन-कार्बन बंध तोडायला सुमारे ३५० पुरते. म्हणजे प्लास्टिकचा लांबलचक रेणू, ही कार्बनची साखळी, तोडण्याइतकी ताकद उन्हात आहेच. गंमत अशी की शुद्ध पॉलिथिलीन हे किरण जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे कागदावर त्याला काही व्हायला नको. पण कारखान्यातून बाहेर पडणारं पॉलिथिलीन तसं शुद्ध कधीच नसतं. एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे माल वितळवून स्क्रूने पुढे ढकलणाऱ्या यंत्रात, तापताना हवेतल्या ऑक्सिजनमुळे साखळीवर जागोजागी कार्बोनिल आणि हायड्रोपेरॉक्साइड हे ऑक्सिजन असलेले गट तयार झालेले असतात, उत्प्रेरकाचे कण राहिलेले असतात. किरण पकडतात ते हे गट. तिथे साखळी तुटून मुक्त मूलक, म्हणजे कशालाही चटकन चिकटणारा रेणूचा तुकडा, बनतो, तो ऑक्सिजन घेतो, शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतो, पुन्हा हायड्रोपेरॉक्साइड बनतं, ते परत फुटतं आणि एकाचे दोन मूलक होतात. ही साखळी प्रक्रिया असल्यामुळे प्लास्टिक बराच काळ ठणठणीत दिसतं आणि मग महिन्या-दोन महिन्यांत एकदम बसतं.

चिमटे आणि पोती आधी का जातात तेही इथेच कळतं. दोन्ही पॉलिप्रॉपिलीनची. त्याच्या साखळीत एकाआड एक कार्बनला फांदी असते, आणि त्या जागचा हायड्रोजन पॉलिथिलीनपेक्षा सहज सुटतो. पोत्याचा धागा तर चपटा, पातळ, ताणून बनवलेला. तिथे संरक्षण करायला जाडीच नाही. बाजारातलं साधं पोतं उन्हात वापरायला बनवलेलंच नसतं, त्यामुळे ते तक्रारीचं कारणही नाही.

तुटलेल्या बंधांची टक्केवारी पाहिली तर ती फार किरकोळ असते. तरीही वस्तू ठिसूळ होते, कारण पॉलिथिलीनमध्ये स्फटिकी भाग आणि त्यांना बांधून ठेवणारे सैल दुवे असतात. ऊन आणि ऑक्सिजन या सैल भागातच शिरतात. दुवे तुटले की स्फटिक एकमेकांपासून सुटतात, मोकळ्या झालेल्या छोट्या साखळ्या उलट स्फटिकांत जाऊन बसतात, पृष्ठभाग आकसतो आणि त्यावर बारीक भेगा पडतात. मग वस्तू वाकवली की भेग वरून आत धावते. एवढी मोठी नळी काचेसारखी मोडते, ती वरच्या अर्ध्या मिलिमीटरच्याही आतल्या थरामुळे.

उष्णतेचा वाटा वेगळा मोजावा लागतो. तापमान १० अंशांनी वाढलं की या ऑक्सिडेशनचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम धरतात. म्हणून थंड हवेच्या ठिकाणी पाच वर्षं टिकलेला माल दाखवून कुणी तेवढीच हमी इथे देत असेल, तर त्या हमीला काही अर्थ नाही.

आता ते दोन-अडीच किलो. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे काजळी, कारखान्याच्या भाषेत कार्बन ब्लॅक. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजने केबलच्या पॉलिथिलीन आवरणावर जे काम केलं, त्यातून बारीक काजळीचं महत्त्व पक्कं झालं, आणि आजही काळ्या एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिलीनच्या) पाइपसाठी भारतीय मानक २.५ टक्के, अर्धा टक्का इकडे-तिकडे, एवढंच मागतं. ती किरण शोषते, उष्णतेत बदलते आणि काही मूलकही पकडते. पण कुठलीही काळी पूड चालत नाही. कण २० नॅनोमीटरच्या आसपासचा हवा. जाड कणांची स्वस्त काजळी रंग देते, संरक्षण अर्धंही देत नाही.

ही काजळी सुटी टाकत नाहीत, मास्टरबॅचमधून, म्हणजे काजळी आधीच दाट मिसळलेल्या प्लास्टिकच्या दाण्यांतून, टाकतात. मास्टरबॅचमध्ये ४० टक्के काजळी असेल तर शंभर किलो मालात २.५ टक्के यायला सव्वासहा किलो मास्टरबॅच लागतो. इथे दोन ठिकाणी हात आखडतो. एक, सव्वासहाच्या जागी तीन किलो टाकले तरी डोळ्यांना माल तेवढाच काळा दिसतो. दुसरं, मास्टरबॅच तेवढाच पण त्यात काजळीबरोबर खडूची पूड भरलेली. दोन्ही गोष्टी रंगावरून ओळखता येत नाहीत. तिसरी चूक हेतूची नसते, ती मिसळण्याची असते: काजळीच्या गुठळ्या नीट फुटल्या नाहीत तर प्रत्येक गुठळी म्हणजे भिंतीतला एक खडा, आणि भेग तिथूनच निघते. शिवाय काजळी हवेतली ओल पिते. पावसाळ्यात उघडं राहिलेलं मास्टरबॅचचं पोतं तसंच वापरलं तर नळीच्या पृष्ठभागावर बारीक फोड आणि लांबट ओरखडे दिसतात. ८० अंशांवर दोन ते चार तास वाळवून घेतलं की हा त्रास जातो.

काळा रंग चालत नसेल तिथे हाल्स वापरतात, म्हणजे हिंडर्ड अमाइन वर्गातले प्रकाश-स्थिरक. हे १९७० च्या दशकात बाजारात आले आणि पातळ फिल्मचा धंदाच बदलला. ते किरण अडवत नाहीत. तयार झालेले मूलक पकडतात आणि त्या प्रक्रियेत स्वतः पुन्हा ताजे होतात. म्हणून ०.१ ते ०.५ टक्क्याची मात्रा वर्षानुवर्षं पुरते. त्यांचं वैर आम्लाशी आणि गंधकाशी. शेडनेट-पॉलिहाऊसमध्ये भुरी रोगासाठी गंधक वापरला की फिल्म अपेक्षेपेक्षा लवकर फाटते, ती यामुळे. फिल्म घेताना गंधक वापरणार हे आधी सांगितलं तर त्याला टिकणारा ग्रेड मिळतो. बेंझोफेनोन किंवा बेंझोट्रायझोल वर्गातले अतिनील-शोषक तिसरा प्रकार. ते जाडीच्या भरवशावर काम करतात. दोन-तीन मिलिमीटरच्या भिंतीत आतला भाग वाचतो, ५० मायक्रॉनच्या फिल्ममध्ये त्यांचा फारसा उपयोग नाही.

टाकीकडे येऊ. पाण्याची टाकी एलएलडीपीईची, म्हणजे कमी घनतेच्या लवचीक पॉलिथिलीनची, रोटोमोल्डिंगने बनते: सुमारे ५०० मायक्रॉनपर्यंत दळलेली पूड साच्यात टाकतात, साचा दोन अक्षांभोवती फिरवत २६० ते ३०० अंशांच्या भट्टीत तापवतात आणि फिरवतच थंड करतात. सगळं कौशल्य वेळेत आहे. साच्याच्या आतल्या हवेचं तापमान २०० ते २१० अंशांपर्यंत गेलं की पूड पूर्ण वितळून बुडबुडे निघून जातात. त्याआधी भट्टीतून काढलं तर भिंत कच्ची राहते, आतून खरखरीत लागते, कापलेल्या कडेला सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. फार वेळ ठेवलं तर आतला पृष्ठभाग जळतो: पिवळट झाक, तूपकट चकाकी, उग्र वास. अशी टाकी नवी असतानाच ठिसूळ असते, उन्हाला दोष देण्यात अर्थ नाही.

रोटोमोल्डिंगमध्ये मळण्याची क्रियाच नसते. एक्स्ट्रूडरच्या स्क्रूसारखं इथे काही रगडलं जात नाही. त्यामुळे काजळी आधी एक्स्ट्रूडरमधून मालात मुरवून मग दळलेली पूड हवी. पैसे वाचवायला साध्या पुडीत कोरडी काजळी मिसळली तर ती दाण्यांच्या कडांवरच बसते, दाणे एकमेकांना नीट चिकटत नाहीत, आणि भिंतीत कमजोर शिवणींचं जाळं तयार होतं. कोरड्या मिश्रणात रंगाचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खालीच ठेवतात ते याच कारणाने. म्हणजे कोरड्या मिश्रणाची काळी टाकी दोन्हीकडून अडकते: काजळी कमी टाकली तर ऊन खातं, जास्त टाकली तर शिवण सुटते.

पांढऱ्या तीन-चार थरांच्या टाकीत पाणी थोडं कमी तापतं, हे खरं. मधला फेसाळ थर उष्णता अडवतो. पण तिथे संरक्षण टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्यावर आणि हाल्सवर असतं, आणि टायटॅनियम डायऑक्साइड रुटाइल प्रकारचं, लेप दिलेलं हवं. स्वस्त अनाटेज प्रकार उन्हात स्वतःच ऑक्सिडेशन घडवतो; हात फिरवला की पांढरी पूड लागते. शिवाय भिंतीतून उजेड आत येत असेल तर शेवाळ धरतं. मला विचाराल तर पैसे मोजके असतील तेव्हा चांगली काळी टाकी घ्यावी आणि तिच्यावर पत्र्याची किंवा जाळीची सावली करावी.

टाकी बसवताना होणाऱ्या चुका वेगळ्याच. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. तळ पूर्ण टेकलेला हवा. अँगलच्या स्टँडवर दोन-तीन पट्ट्या टाकून टाकी ठेवली की पट्ट्यांमधला तळ उष्णतेत हळूहळू खाली ओघळतो, आणि पट्टीच्या कडेवर भेग येते. खाली सपाट स्लॅब किंवा सलग जाड प्लेट द्या. आउटलेटच्या नळीचं वजन टाकीच्या भिंतीवर लटकू देऊ नका. नळीला आउटलेटपासून हातभर अंतरावर वेगळा आधार हवा. निपल बसवताना भोक होल-सॉने (गोल करवतीने) पाडा आणि कडा गुळगुळीत करा. तापवलेल्या सळईने पाडलेल्या भोकाची कड जळकी आणि खाचांची असते. साबणाचं पाणी भरलेलं आणि ताणाखालचं पॉलिथिलीन उन्हाशिवायही तडकतं, तेव्हा टाकी धुतल्यावर डिटर्जंट पूर्ण निघून जाईल इतकं पाणी फिरवा.

ठिबकच्या नळ्यांचा विषय काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्रा बागायतदारांसाठी जास्त महत्त्वाचा. लॅटरल, म्हणजे झाडांच्या ओळीतून जाणारी बारीक नळी, बहुधा १६ मिलिमीटरची, एलएलडीपीईची, भिंत एखाद्या मिलिमीटरच्या आसपास. अंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारी फुलं) धरणाऱ्याच्या बागेत मे महिन्यात पाणी चालू असतं, नळीतून रोज पाणी जातं आणि ती थंड होते. मृग बहाराच्या, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला फुलणाऱ्या, बागेत गणित उलटं: झाडांना ताण द्यायचा म्हणून एप्रिल-मे मध्ये पाणी तोडलेलं असतं. पानं गळालेली, सावली विरळ, आणि रिकामी काळी नळी तापलेल्या मातीवर ऐन उन्हाळाभर पडून. नळीचं आयुष्य याच पाच-सहा आठवड्यांत सगळ्यात वेगाने खर्च होतं. पाणी तोडलं की टोकं उघडून नळ्या धुवाव्यात, मोठी वेटोळी करून, म्हणजे निदान दोन फूट व्यासाची, झाडाच्या बुंध्याशी पालापाचोळ्याखाली किंवा शेडमध्ये ठेवाव्यात. मजुरी लागते, हे मान्य. तेवढं जमत नसेल तर नळीवर गवत-पाचट पसरलं तरी किरण पूर्ण थांबतात.

नळी अंथरताना प्रसरण विसरलं जातं. पॉलिथिलीन दर अंशाला मीटरमागे ०.१८ मिलिमीटरच्या आसपास वाढतं. मे महिन्याच्या दुपारी ६५ अंशांची नळी डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर आली की शंभर मीटरला जवळपास एक मीटर आखडते. दुपारी ताणून बसवलेली लॅटरल थंडीत ग्रोमेटमधून (जोडाच्या रबरी कडीतून) निसटते ती अशी. पहाटे अंथरा, शंभर मीटरला एक ते दीड मीटर जास्तीची सोडा, आणि ड्रीपर झाडापासून सरकू नये म्हणून मध्ये-मध्ये खुंटीने अडकवा, आवळू नका.

पहिली भेग कुठे दिसेल तेही ठरलेलं असतं. शेवटच्या टोकाला नळी दुमडून कडी घालतात ती जागा, आणि ड्रीपरसाठी पाडलेलं भोक. दोन्ही ठिकाणी नळी ताणलेली असते, आणि ताणलेल्या जागी ऊन दुप्पट लागतं म्हणा. दुमडलेल्या टोकाच्या चार-सहा इंच आधी कापून नव्याने दुमडलं की दोन हंगाम मिळतात. भोक नेहमी त्याच कंपनीच्या पंचनेच पाडावं; खिळ्याने पाडलेलं भोक फाटतं. खारी आणि उंदरांनी कुरतडलेली भोकं वेगळी ओळखू येतात, तिथे दातांच्या जोडओळी असतात. त्याला प्लास्टिकचा ग्रेड बदलून उपाय नाही, मे महिन्यात बागेत कुठेतरी उघडं पाणी ठेवणं हाच.

मल्चिंग फिल्मबद्दल थोडक्यात: तीन-चार महिन्यांच्या भाजीला २५ मायक्रॉन, संत्र्यासारख्या बागेला १०० मायक्रॉन. पंचवीसची फिल्म दोन हंगाम ओढू नका. ती उचलताना चिंध्या होतात आणि त्या मातीत राहतात. शेततळ्याच्या अस्तराला आयएस १५३५१ या भारतीय मानकाची ५०० मायक्रॉनची फिल्म. तिथे पाण्याखालचा भाग वर्षानुवर्षं चांगला राहतो. पाण्याच्या पातळीवर उघडा पडणारा काठ आधी जातो, तेवढ्यावर माती किंवा जुनी ताडपत्री टाकावी.

घरातला सगळ्यात जास्त तक्रारींचा माल म्हणजे गच्चीवरचा पीव्हीसी पाइप. पीव्हीसीची मोडतोड पॉलिथिलीनसारखी नसते. उन्हात आणि उष्णतेत त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि साखळीवर दुहेरी बंधांची माळ तयार होते. पिवळा, मग तपकिरी रंग तिचाच. ते रोखायला स्थिरक घालतात. पूर्वी शिशाची संयुगं असत. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी पाइपांमधलं शिसं हद्दपार करायला सुरुवात झाली आणि कॅल्शियम-झिंक आले. पांढरा पडणारा थर फार पातळ असतो, त्यामुळे पाइपची दाब सहन करण्याची ताकद विशेष उतरत नाही. धक्का सहन करण्याची मात्र झपाट्याने उतरते. म्हणून तो पाइप वर्षानुवर्षं पाणी वाहतो आणि प्लंबरने शेजारी हातोडी मारली की फुटतो.

उन्हापेक्षा मोठा शत्रू इथे उष्णताच. पीव्हीसी पाइपवर लिहिलेला दाब थंड पाण्यासाठी असतो. २३ अंशांना ताकद १ धरली तर ३८ अंशांना ०.६२, ४९ अंशांना ०.४० आणि ६० अंशांना ०.२२ उरते. टाकीतून खाली उतरणाऱ्या लाइनला याचं काही वाटत नाही. गच्चीवर तिच्यात तीन-चार मीटर उंचीच्या पाण्याएवढाच दाब असतो. बोअरच्या सबमर्सिबलची वर चढणारी लाइन मात्र याच हिशेबात फसते. दर चौरस सेंटिमीटरला ६ किलो दाब सोसणारा पाइप पन्नास अंशांवर जेमतेम अडीच किलोचा उरतो, आणि पंप चालू-बंद होताना बसणारा पाण्याचा धक्का क्षणभर याहून मोठा असतो. ही लाइन वरच्या दाबाच्या वर्गातली घ्या, शक्य तर भिंतीच्या उत्तरेकडून चढवा, आणि मे महिन्यात पंप सकाळी लावा.

सहा मीटरचा पाइप ४० अंशांच्या फरकाने १७ मिलिमीटर वाढतो. वीस मीटरच्या सरळ लाइनीत साडेपाच सेंटिमीटर. दोन्ही टोकं सिमेंटमध्ये गाडली असतील तर ही वाढ एल्बोवर निघते, आणि आपण एल्बो बदलत राहतो. क्लँप पाइपवर घट्ट आवळू नका, सरकू द्या. वीस-पंचवीस मिलिमीटरच्या पाइपला दर पाऊण मीटरला आधार द्या, नाहीतर दुपारी तो दोन आधारांमध्ये झुकतो आणि तसाच राहतो. लांब सरळ लाइनीत एक यू-आकाराचा वळसा ठेवा.

जोडणीचं सॉल्व्हेंट सिमेंट नागपूरच्या दुपारी ब्रशवरच वाळतं. वरून साय धरलेला थर सॉकेटमध्ये घातला की चिकटल्यासारखा वाटतो आणि पंधरा दिवसांत गळतो. काम सकाळी सातच्या आत किंवा सूर्य गेल्यावर करा. पाइप सरळ कापा, कड घासा, कोरडा पुसा; पाइपवर आणि सॉकेटच्या आत पातळ थर, आत ढकलताना पाव फिरकी, तीस सेकंद दाबून धरा, चोवीस तास दाब देऊ नका. जास्तीचं सिमेंट आत साचलं तर ते पाइप आतून मऊ करतं, म्हणून ‘भरपूर लावलं’ हे कौतुक नाही.

रंग देणं हा पाइप वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि तोच कुणी करत नाही. २२० नंबरच्या कागदाने हलकं घासून, पुसून, बाहेरच्या भिंतींचा पाण्यात मिसळणारा पांढरा ॲक्रेलिक रंग दोन हात. किरण थांबतात आणि पाइप कमी तापतो. ऑइलपेंट टाळा, त्यातलं थिनर पीव्हीसीवर हल्ला करतं. गरम पाण्याच्या सीपीव्हीसी पाइपलाही हाच रंग. सोलर वॉटर हीटरच्या गरम आउटलेटला मात्र पहिले काही मीटर जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप) ठेवा: सुटीत घर बंद असेल तर मे महिन्यात त्या टाकीतलं पाणी उकळीच्या जवळ जातं, आणि सीपीव्हीसीने सतत ८०-८२ अंशांच्या वर जाऊ नये.

हिरव्या जाळ्या उन्हाळ्यात महापालिका सिग्नलवरही बांधते, त्यामुळे त्यांची वागणूक सगळ्यांच्या नजरेखाली असते. फाटतात त्या बहुधा मधून नाही, बांधलेल्या जागी. वाऱ्याची फडफड एक, आणि गंजलेली तार दुसरं; लोखंडाचे अंश ऑक्सिडेशनला जोर देतात. प्लास्टिकच्या दोरीने आणि रिंगांतून बांधा, कडेला पट्टी शिवून घ्या. तेवढ्याच वजनाची काळी जाळी हिरवीपेक्षा जास्त टिकते, दिसायला मात्र मरगळलेली. कुलरच्या एबीएस प्लास्टिकच्या बॉडीचं म्हणाल तर त्यातल्या रबराच्या अंशात दुहेरी बंध असतात, ऊन तेच आधी खातं; पिवळं पडून कोपरे तडकणारच. खिडकीबाहेरच्या कुलरवर पत्र्याचं छज्जं असेल तर एवढी चिंता नको.

घेताना घरच्या घरी काय तपासता येतं? लॅटरलचा दोन इंचाचा तुकडा साध्या पाण्यात टाका, आतली हवा दाबून काढा. पॉलिथिलीन अडीच टक्के काजळीसकट पाण्यापेक्षा हलकंच असतं. तुकडा बुडाला तर त्यात किमान दहा-बारा टक्के खडू किंवा तसलं काही भरलेलं आहे. हाच तुकडा उघड्यावर, चिमट्यात धरून पूर्ण जाळा: चांगला माल मेणासारखा थेंब-थेंब जळतो आणि मागे जवळजवळ काही ठेवत नाही. पांढरी राख उरली आणि तिच्यावर लिंबाच्या रसाने फसफस झाली तर तो खडूच. पीव्हीसी मात्र कधीही जाळून बघू नका, त्याचा धूर फुप्फुसं पोळतो. नळी दुमडून नखाने दाबल्यावर घडीवर पांढरी रेघ उमटली तर भरताड माल किंवा रिप्रो, म्हणजे भंगार वितळवून केलेला, दाणा जास्त. कापलेल्या कडेकडे भिंगातून बघा, काळ्यात राखाडी पट्टे दिसले तर मिसळण नीट नाही.

रिप्रोला सरसकट नावं ठेवू नयेत. घमेली, कुंड्या, सावलीतले ड्रम त्यातून उत्तम होतात. अडचण तेव्हा येते जेव्हा उन्हात सडलेल्या नळ्या आणि जाळ्या भंगारातून परत दाण्यात येतात. त्यांच्यातले कार्बोनिल आणि हायड्रोपेरॉक्साइड सोबतच येतात, आणि नवी नळी पहिल्या दिवसापासूनच अर्धी खर्च झालेली असते. वरून स्थिरक वाढवला तर थोडं सावरतं, पण तो खर्च केला तर रिप्रोतला फायदाच संपतो.

मोठी खरेदी असेल, म्हणजे दहा-पंधरा एकराची ठिबक किंवा सोसायटीच्या टाक्या, तर नमुना प्रयोगशाळेत पाठवणं परवडतं. सिपेट या केंद्र सरकारच्या प्लास्टिक संस्थेची केंद्रं चंद्रपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. तीन चाचण्या मागा: काजळीचं प्रमाण, म्हणजे नायट्रोजनमध्ये माल तापवून काजळी आणि नंतर हवेत जाळून राख, काजळीचं पसरणं, सूक्ष्मदर्शकाखाली, आणि ऑक्सिडेशन इंडक्शन टाइम, २०० अंशांवर शुद्ध ऑक्सिजनमध्ये माल किती मिनिटं तग धरतो ते. विक्रेत्याने यूव्ही चेंबरचा अहवाल दाखवला तर दिवा कोणता हे आधी बघा. यूव्हीए-३४० दिवा सूर्याच्या त्या भागाशी बऱ्यापैकी जुळतो. यूव्हीबी-३१३ जमिनीवर न पोचणारे आखूड किरणही टाकतो आणि निकाल भलतीकडे नेतो. ‘हजार तास म्हणजे इतकी वर्षं’ असा थेट गुणाकार कुठल्याच दिव्याचा होत नाही. त्याऐवजी माल तुटेपर्यंत जेवढा लांबतो ते लांबणं सुरुवातीच्या निम्म्यावर यायला किती तास लागले ते विचारा, आणि दोन कंपन्यांचा माल एकाच चेंबरमध्ये एकत्र तपासलेला असेल तरच तुलना करा.

बाकी काही जमलं नाही तरी छापील ओळ वाचा. पीव्हीसी पाण्याच्या पाइपवर आयएस ४९८५, सांडपाण्याच्या पाइपवर १३५९२, सीपीव्हीसीवर १५७७८, एचडीपीईवर ४९८४, टाकीवर १२७०१, लॅटरलवर १२७८६. आयएसआयच्या खुणेखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का ते कळतं. हा क्रमांक, बॅच आणि तारीख यांचा फोटो पाइप बसवण्याआधी काढून बिलाबरोबर ठेवा. गच्चीवर ती छपाई दोन-तीन उन्हाळ्यांत उडून जाते, आणि हमीचा दावा करताना विक्रेता नेमकी तीच ओळ मागतो.